काम झाला, काम झालं

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चिल्हार फाट्याला वळून बोईसरकडे येणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस मालाचे ट्रक धावत असतात. एखादा मध्येच बंद पडला की चालक मालकाला फोन करून तीन शब्दांत कळवतो : गाडी खराब झाली. हिंदी महासागराच्या पलीकडे मोंबासा बंदरातून माल घेऊन निघालेल्या ट्रकचं असंच काही झालं, तर तिथल्या चालकाला दोन शब्द पुरतात : गारी लिमेहारिबिका.

कान देऊन ऐकलं तर हे वाक्य तितकंसं परकं वाटत नाही. ‘गारी’ म्हणजे आपलीच गाडी. हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांच्या तोंडून ती पूर्व आफ्रिकेत पोचली आणि तिथलीच झाली. ‘हारिबिका’च्या पोटात जो अरबी धातू आहे, त्यातूनच आपला ‘खराब’ही आला. उरले दोन तुकडे, ‘लि’ आणि ‘मे’. ते मात्र अस्सल आफ्रिकी मातीतले आहेत. ‘मे’ सांगतो की क्रिया पुरी झाली, आणि ‘लि’ सांगतो की ही क्रिया गारीची आहे, दुसऱ्या कशाची नव्हे. एकाऐवजी दोन गाड्या बंद पडल्या, तर वाक्य ‘मागारी यामेहारिबिका’ असं होतं. ‘लि’ गेला, ‘या’ आला. आपल्याकडे ‘झाली’ गेली, ‘झाल्या’ आल्या.

नामाने मान वळवली की त्याच्याबरोबर विशेषणानेही वळायचं, क्रियापदानेही वळायचं, ‘चा-ची-चे’नेही वळायचं, ही ती रीत. व्याकरणाच्या पुस्तकांत तिला अन्वय, सुसंवाद अशी नावं आहेत. इथे तिला मेळ म्हणू. मराठी माणूस बोलायला लागल्यापासून हा मेळ पाळतो आणि म्हणूनच मेळाकडे त्याचं लक्ष जात नाही. लक्ष जातं ते मेळ चुकल्यासारखा वाटला की. बोईसरच्या बाजारात, तारापूरच्या कारखान्यांत, पालघरच्या कचेऱ्यांत तो रोज चुकल्यासारखा वाटतो. ‘काम झाला.’ ‘पानी आला.’ ‘मजा आला.’ ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. ही दुरुस्ती नेहमीच बरोबर असते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला स्वाहिलीसारखी दूरची भाषा फार कामाला येते.

मराठी व्याकरणाचा आणि आजच्या पालघर जिल्ह्याचा संबंध जुना आहे. वसई तालुक्यात तरखड नावाचं गाव आहे. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं (१८१४–१८८२) घराणं मूळ तिथलं. दादोबा जन्मले मुंबईत, पण गाव आडनावात राहिलं. त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झालं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी लिंग, वचन, विभक्ती, प्रयोग हे शब्द त्याच परंपरेतून घोकले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८५० साली, योहान लुडविग क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याने स्वाहिलीच्या व्याकरणाची रूपरेषा छापली. दोघांपुढचा प्रश्न एकच होता : नामांचे गट पाडायचे कसे?

मराठी शाळेत यावर एक साधी युक्ती शिकवतात. नामाआधी ‘तो, ती, ते’ लावून पाहा. तो दगड, ती वाट, ते झाड. दगडात पुरुषासारखं काही नाही, वाटेत बाईसारखं काही नाही, तरी मूल चुकत नाही. म्हणजे लिंग वस्तूत शोधायचं नसतं, शेजारच्या शब्दात शोधायचं असतं. केनिया-टांझानियातल्या शाळांतही नेमकी हीच युक्ती चालते. तिथे नामांच्या गटाला ‘न्गेली’ म्हणतात आणि गटांना नावं दिली आहेत ती क्रियापदाला लागणाऱ्या खुणांचीच : अ-वा, कि-वि, लि-या, उ-इ, इ-झि. आपली मुलं ‘तो-ती-ते’ म्हणतात, तिकडची मुलं ‘कि-वि’, ‘लि-या’ म्हणतात. फरक संख्येचा. आपले गट तीन. त्यांचे, एकवचनाचे आणि अनेकवचनाचे वेगळे मोजले, तर पंधराच्या घरात जातात. आणि एक मोठा फरक : त्या सगळ्या गटांत स्त्री-पुरुष हा भेद कुठेच नाही. ‘अनासोमा’ म्हणजे तो वाचतो आणि ती वाचते, दोन्ही. माणसं आणि जनावरं एका गटात, झाडं बहुतेक दुसऱ्यात, फळं तिसऱ्यात, हत्यारं-अवजारं चौथ्यात. ही विभागणी काटेकोर नाही, आपली तरी कुठे आहे!

एका नामावरून सगळं वाक्य कसं रंगतं ते पाहण्यासारखं आहे. ‘म्तोतो म्मोजा म्झुरी’ म्हणजे एक चांगलं मूल, ‘वातोतो वाविली वाझुरी’ म्हणजे दोन चांगली मुलं. ‘किताबु किमोजा किझुरी’ म्हणजे एक चांगलं पुस्तक, ‘विताबु विविली विझुरी’ म्हणजे दोन चांगली पुस्तकं. पुस्तक खाली पडलं तर ‘किमेआंगुका’, पुस्तकं पडली तर ‘विमेआंगुका’. मराठी बदल करते शब्दाच्या शेपटीला, स्वाहिली करते डोक्याला. ‘चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या’ यांत आपण जे मागे करतो ते ती पुढे करते. षष्ठीचंही तसंच. मुलाचं पुस्तक, मुलाची पुस्तकं यांत ‘चा’ मुलाकडे बघत नाही, पुस्तकाकडे बघतो. स्वाहिलीत ‘किताबु चा म्तोतो’, ‘विताबु व्या म्तोतो’, ‘गारी ला म्तोतो’. तिथला ‘चा’ आणि आपला ‘चा’ हा निव्वळ योगायोग आहे. पण दोघांचं काम एक आहे, ते मात्र लक्षात घ्यावं. आगगाडीला स्वाहिली म्हणते ‘गारी ला मोशी’, धुराची गाडी. आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला.

आता हा ‘किताबु’. मुळात अरबी किताब. अरबीत ‘कि’ हा काही वेगळा तुकडा नव्हे, तो शब्दाचंच अंग आहे. पण स्वाहिलीच्या कानाला तो आपल्या ‘कि-वि’ गटातला ‘कि’ वाटला. मग अनेकवचन ‘विताबु’ व्हायलाच हवं. ब्रिटिश काळात रस्त्यांच्या चौकांत ‘कीप लेफ्ट’ लिहिलेल्या पाट्या आल्या, त्यावरून वर्तुळाकार चौकाला ‘किप्लेफ्ती’ म्हणू लागले आणि असे चौक अनेक झाले तेव्हा ‘विप्लेफ्ती’ म्हणू लागले. ‘मडगार्ड’चं झालं ‘मादिगादी’. त्यातला ‘मा’ अनेकवचनाचा समजला गेला आणि एकाच मडगार्डला ‘दिगादी’ म्हणण्यात येऊ लागलं. भाषेला पाहुणा आवडतो, पण त्याला आपल्या घरातल्या कुठल्या तरी पंगतीत बसवल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीत कोणीही तास-दोन तास उभं राहावं, पंगतीत बसवण्याचं हेच काम मराठीत चाललेलं ऐकू येईल. पंप बंद पडला. मोटर जळाली. बॉयलर पेटला. लाइन फुटली. व्हॉल्व्ह अडकला. शिफ्ट सुटली. कंपनी बंद झाली. इंग्रजीत या शब्दांना लिंग नाही. इथे येताच त्यांना ते मिळालं, आणि ते कोणी समिती नेमून दिलं नाही. कंपनीला ईकारान्त शेवट होता म्हणून ती स्त्रीलिंगी झाली. बस, ट्रेन, लोकल यांना गाडीची संगत लाभली म्हणून त्याही स्त्रीलिंगी. स्टेशन ठाण्याच्या आणि ठिकाणाच्या ओळीत बसलं, नपुंसक झालं. मशीनचा निकाल अजून लागलेला नाही. कोणी म्हणतं मशीन बंद पडलं, कोणी म्हणतं बंद पडली. पेनचंही तेच : माझा पेन की माझं पेन, यावर वर्गावर्गांत वाद होतात.

याच गावाने एक फार सुरेख उदाहरण दिलं आहे. तारापूरचं अणुवीजकेंद्र देशातलं पहिलं. १९६९ साली तिथल्या पहिल्या दोन संचांची वीज मिळू लागली. तिथे देखभालीसाठी काम थांबवलं, तर बातमी दोन प्रकारे देता येते : अणुभट्टी बंद केली, किंवा रिॲक्टर बंद केला. वस्तू तीच, बटण तेच, दाबणारा हातही तोच. क्रियापद मात्र बदललं. कारण मेळ वस्तूशी नसतो, शब्दाशी असतो. लिंग म्हणजे बाई-बाप्या असं मानणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे आहे.

या किनाऱ्यावर दूरदेशीचे शब्द येऊन मराठीच्या नियमांत बसणं हे काही एमआयडीसीपासून सुरू झालेलं नाही. तारापूरला खेटून चिंचणी आहे. तिथे सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटांपैकी एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, तिसऱ्या इंद्र राजाच्या काळातला आहे. त्यावरून कळतं की संयान मंडळाचा, म्हणजे आज गुजरातच्या हद्दीत असलेल्या संजाणच्या परिसराचा, कारभार मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहंमदाचं इथल्या जिभेवर रुळलेलं रूप, असं अभ्यासक मानतात. त्याने लोकांसाठी फुकट होडी चालवली होती आणि अन्नछत्रही उघडलं होतं. नाव बदललं ते एखाद्याला हिणवण्यासाठी नव्हे. संस्कृतात लिहायचं तर नाव चालवता आलं पाहिजे, त्याला विभक्ती लागली पाहिजे, म्हणून बदललं. किताबचा किताबु झाला तसाच मुहंमदाचा मधुमती झाला.

त्याच अरबी व्यापाराचा दुसरा हात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होता. स्वाहिली हे नावच अरबी ‘सवाहिल’वरून आलं, सवाहिल म्हणजे किनारे. किनाऱ्यावरची ती स्वाहिली. भाषेचा सांगाडा बांटू कुळाचा, पण शब्दांच्या पेटाऱ्यात अरबी, फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी सगळं आहे. पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, गोणीला ‘गुनिया’, बंदराला ‘बंदारी’. जेवणात ‘चापाती’ आणि ‘कचुंबारी’.

यात एक गोष्ट तर थक्क करणारी आहे. स्वाहिलीत स्वच्छ या अर्थी ‘साफी’ हा शब्द आहे, अरबीतून आलेला. आपल्या ‘साफ’चाच भाऊ. ‘झुरी’ म्हणजे चांगला हे घरचं विशेषण नामाप्रमाणे म्झुरी, किझुरी, विझुरी असं बदलतं. पण ‘साफी’ बदलत नाही. घर असो की खोली, ‘न्युंबा साफी’, ‘चुंबा साफी’. आणि मराठीत? चांगला वाडा, चांगली खोली, चांगलं घर; पण साफ वाडा, साफ खोली, साफ घर. खराबचंही तसंच. दोन भाषा, दोन खंड, एकाच अरबी मुळाचे शब्द. दोघींनी त्यांना घरात घेतलं आणि दोघींनी मेळाच्या कामातून त्यांना मोकळं ठेवलं. आपल्याकडे कारण उघड आहे : आकारान्त विशेषणं चालतात, व्यंजनावर संपणारी चालत नाहीत. म्हणून सुंदर, लाल, गरम यांनाही तीच मोकळीक आहे. स्वाहिलीत घरचे आणि बाहेरचे असा भेद अधिक दिसतो.

महाराष्ट्रात या दोन भाषांच्या मुलखांत राहून गेलेली माणसंही होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की त्यांतली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात. त्यांतली अनेक नाशिकच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. १८६६च्या जानेवारीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या सफरीसाठी मुंबईहून निघाला, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. पुढे त्याचं शव लंडनला नेण्यात आलं त्या वेळी शवाबरोबर गेलेला जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी. १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. ती उभारणारा विल्यम सॉल्टर प्राइस पूर्वी शरणपूरचा आश्रम चालवत होता. त्याच्या मदतीला नाशिकचे हे तरुण शिक्षक आणि दुभाषे म्हणून परत गेले. तिकडच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. गोदाकाठी मराठी ऐकत वाढलेल्या या माणसांना पुढच्या आयुष्यात स्वाहिली किनाऱ्यावर राहायचं होतं. त्यांचं कर्तृत्व मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मेळाची खरी गंमत क्रियापदात आहे. मराठी क्रियापद तीन काळांत तीन तऱ्हांनी वागतं. वर्तमानात ते कर्त्याकडे पाहतं आणि त्याचं लिंगही विचारतं : तो वाचतो, ती वाचते, ते वाचतं. भविष्यात लिंग विसरून जातं : तो वाचेल, ती वाचेल, ते वाचेल. हिंदीत मात्र पढ़ेगा आणि पढ़ेगी वेगळे राहतात. आणि भूतकाळात तर मराठी सकर्मक क्रियापद बहुधा कर्त्याला सोडूनच देतं. रमाने ग्रंथ वाचला, रमाने पोथी वाचली, रमाने पुस्तक वाचलं. वाचणारी एकच, रूपं तीन. हा कर्मणी प्रयोग. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं : तिने मुलीला मारलं, तिने मुलांना मारलं. हा भावे प्रयोग. तलासरीच्या पुढे, हद्द ओलांडली की गुजराती वेगळं वागते. तिथेही लिंगं तीन, छोकरो, छोकरी, छोकरुं. पण ‘तेणे छोकरीने मारी’. कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद मुलीचं लिंग सोडत नाही. डहाणू-तलासरीत मराठी आणि गुजराती दोन्ही बोलणारी घरं आहेत. तिथली माणसं एका वाक्यात भावे आणि दुसऱ्यात कर्मणी असा पाय बदलत दिवसभर बोलत असतात आणि त्यांना त्याचे कष्ट पडत नाहीत.

आता ‘तू पोथी वाचलीस’ हे वाक्य घ्यावं. ‘वाच’ हा धातू, ‘ल’ भूतकाळाचा, ‘ई’ पोथीची आणि शेवटचा ‘स’ तुझा. एका क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघंही हजर. याच्या शेजारी स्वाहिलीचं ‘उलिकिसोमा’ ठेवलं, तर व्याकरणावर प्रेम करणाऱ्याचे डोळे चमकतात. ‘उ’ म्हणजे तू, ‘लि’ भूतकाळाचा (गारीचा ‘लि’ वेगळा), ‘कि’ पुस्तकाचा आणि शेवटी ‘सोमा’ म्हणजे वाच. त्याच चार गोष्टी. आपण धातूपासून सुरुवात करून कर्त्यावर थांबतो, ते कर्त्यापासून निघून धातूवर पोचतात. भूतकाळाला दोन्हीकडे ‘ल’ असणं हा पुन्हा योगायोगच. दोन कुळांचा एकमेकांशी काही संबंध नसताना कर्ता, कर्म आणि काळ यांना एका शब्दात गुंफण्याची गरज दोघांना वाटली, हे मात्र योगायोगाहून मोठं आहे. दुर्दैवाने हा ‘स’ नव्या पिढीच्या बोलण्यातून गळत चालला आहे. ‘तू पोथी वाचली’ एवढ्यावर भागवलं जातं. ‘स’ गेला तर मराठीच्या क्रियापदातलं एक दुर्मीळ कसब जाईल.

काही वेळा नाम गप्प राहतं आणि सगळा भार क्रियापदावर येतो. सातपाटीच्या किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेला बोंबील वाळला, आणि बोंबील वाळले. नाम तेच, आकडा सांगितला तो क्रियापदाने. स्वाहिलीत ‘न्दिझी’ म्हणजे केळं आणि केळी दोन्ही; पिकलेलं एक असेल तर ‘न्दिझी इमेइवा’, अनेक असतील तर ‘न्दिझी झिमेइवा’. बोंबलाला आणि न्दिझीला एकच न्याय.

गटाचा उपयोग आकार सांगायलाही होतो. आपल्याकडे गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी, लोटा आणि लोटी. पुल्लिंग मोठं, स्त्रीलिंग लहान. नपुंसकात गेलं की आणखी लहान किंवा कीव येण्यासारखं : होडी मोठी, होडकं चिमुकलं. स्वाहिलीत ‘म्लिमा’ म्हणजे पर्वत. ‘कि’ गटात गेला की ‘किलिमा’, टेकडी. ‘म्तु’ म्हणजे माणूस, ‘वातु’ माणसं, ‘जितु’ म्हणजे अवाढव्य राक्षस, आणि ‘उतु’ म्हणजे माणुसकी. भाषेचं नावही ‘कि’ गटातलं : किस्वाहिली, किहिंदी.

नियमाला माणसाची आणि जिवाची आडकाठी दोन्हीकडे येते. ‘किबोको’ म्हणजे पाणघोडा. रूप ‘कि’ गटाचं, पण जिवंत प्राणी म्हणून क्रियापद माणसांच्या गटाचं घेतो : ‘किबोको अनाकुजा’, पाणघोडा येतोय. मराठीत जीव नव्हे, आदर आडवा येतो. डॉक्टर आला, डॉक्टर आली, डॉक्टर आल्या. तिसऱ्यात बाई एकच आहे. बाबा आले, पण आई आली. हा भेद अन्याय नाही, जवळीक आहे, असं म्हणतात. तो विचार करायला लावणारा आहे एवढं खरं. कोल्हापूरकडे तर मुलीही ‘मी येतो’ म्हणतात आणि तिथे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

इथे ‘काम झाला’कडे परत यावं लागतं.

बोईसरमध्ये ही रूपं दोन वाटांनी येतात. एक वाट नवी. वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालकडून आलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही. बंगाली आणि ओडिया क्रियापदाला तर लिंग मुळी नसतंच. शिवाय एकच शब्द दोन भाषांत वेगळ्या लिंगाचा. मराठीत आवाज आला, हिंदीत आवाज़ आई. मराठीत मजा आली, हिंदीत मज़ा आया. ‘मजा आला’ म्हणणारा माणूस मेळ मोडत नसतो, तो आपल्या घरचा मेळ मराठीत घेऊन आलेला असतो. शेकडो मैल दुरून येऊन तो मराठीत बोलतो आहे. त्याला हसण्याऐवजी ‘मजा आली’ एवढं प्रेमाने म्हणून दाखवलं तर तो आठवड्यात शिकतो.

दुसरी वाट जुनी आहे, फार जुनी. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळीसारख्या बोलींत पुल्लिंग आणि नपुंसकलिंग क्रियापदात एक होतात. तिथे ‘काम झाला’, ‘पानी आला’, ‘जेवान झाला’ हीच शुद्ध रूपं. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो तितक्याच सहजपणे हेही होतं. स्त्रीलिंग मात्र कसोशीने पाळलं जातं. ‘भाकर झाली’चं ‘भाकर झाला’ तिथे कधी होत नाही. म्हणजे या बोलीला मेळ नाही असं नव्हे. तिचे गट दोन आहेत, आपले तीन आहेत, स्वाहिलीचे पंधरा. तीनवाल्याने दोनवाल्याला अशुद्ध म्हणायचं असेल, तर पंधरावाल्याने आपल्याला काय म्हणावं?

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो स्टेन कोनोव्ह या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केला होता. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वाडवळ, सामवेदी, वारली, कातकरी, कोळी अशा बोलींची त्यात वेगळी नोंद आहे. अनेक बोलींचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत उतरवून घेतली होती. त्या गोष्टीची सुरुवातच एका माणसाच्या दोन मुलग्यांनी होते, त्यामुळे पहिल्याच वाक्यात लिंग-वचनाचा मेळ कानावर पडतो. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने या बोलींकडे पुन्हा लक्ष वेधलं. अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं जिल्हावार सर्वेक्षण हाती घेतलं आणि बोलणाऱ्यांचे आवाज मुद्रित करून ते जालावर खुले केले. काम मोठं आहे, पण पालघर जिल्हाही मोठा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो ठाण्यापासून वेगळा झाला. आठ तालुके, वसईच्या खाडीपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपर्यंत. लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी. घरी वारली, कोकणा, कातकरी, मांगेली, वाडवळी बोलणारं मूल शाळेत येतं तेव्हा ते कोऱ्या पाटीने येत नाही. सहा वर्षांचं असतानाच त्याच्या डोक्यात एक पुरं व्याकरण असतं. पहिल्याच दिवशी त्याच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, की त्याला वाटतं आपली आईच चुकीचं बोलते. तेव्हापासून ते वर्गात गप्प बसायला शिकतं.

स्वाहिलीनेही हे भोगलं आहे. १९२८ साली पूर्व आफ्रिकेतल्या एका परिषदेने झांजिबारची बोली प्रमाण धरली. मोंबासाची आणि लामूची बोली, ज्यांत शतकांची काव्यपरंपरा होती, त्या कडेला गेल्या. आज नैरोबीत लोक ‘किताबु चांगु’ऐवजी, म्हणजे ‘माझं पुस्तक’ऐवजी, सर्रास ‘किताबु यांगु’ म्हणतात. झांजिबारचा माणूस कपाळाला आठ्या घालतो. नैरोबी मात्र आपले गट कमी करत पुढे चालली आहे, जसं बोईसर चाललं आहे.

प्रमाण मराठी शिकवू नये, असं यातून कोणी वाचू नये. ‘काम झालं’ हे पालघरच्या प्रत्येक मुलाला लिहिता आलंच पाहिजे; परीक्षा, अर्ज, नोकरी, वर्तमानपत्र सगळं त्याच रूपात आहे. पण ते शिकवताना ‘तुझं चूक’ म्हणण्याऐवजी ‘तुझ्या घरी असं, पुस्तकात असं’ म्हणावं. दोन रूपं शेजारी शेजारी फळ्यावर लिहावीत. मूल मग व्याकरण घोकत नाही, ते स्वतःच शोधतं, आणि एकाच वेळी दोन मेळ सांभाळायला शिकतं, तलासरीच्या दुभाषी घरांसारखं.

हे वाचणारा कोणी शिक्षक सफाळे, केळवे, बोईसर, वाणगाव, डहाणूच्या बाजूचा असेल, किंवा घरात अजून बोली जिवंत असलेला कोणी वाचक असेल, तर त्याच्याकडे एक मागणं आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून ‘पाणी आलं’, ‘मी भाकरी खाल्ली’, ‘दोन मुलगे होते’ आणि ‘तू पोथी वाचलीस’ ही चार वाक्यं त्यांच्या बोलीत म्हणून घ्यावीत. जसं ऐकू येईल तसंच लिहावं, काही सुधारू नये. खाली गावाचं नाव आणि तारीख घालावी, आणि तो कागद जपून ठेवावा.